गॅरेजच्या कोपऱ्यातली जमीन

सुनीती आजगावकरांनी सळई जमिनीत रोवली, तिच्यावर अंगाचा भार टाकला, आणि सळई थांबलीच नाही.

होळीला आठ दिवस होते. लखनौच्या दक्षिणेला, वृंदावन योजना या सरकारी वसाहतीच्याही पलीकडे, जिथे वीस वर्षांपूर्वीपर्यंत आमराया आणि बटाट्याची शेतं होती, तिथल्या एका खाजगी वसाहतीत त्यांचं घर. घराच्या उजव्या अंगाला बारा फूट रुंद आणि वीस फूट लांब असा पट्टा चुन्याने आखून दीड फूट खणून झाला होता. वरची भुसभुशीत माती, गवताची मुळं, जुन्या विटांचे तुकडे, सगळं उचलून बाहेर गेलं होतं. आता तळ ठोकून घट्ट करायचा, त्यावर खडीचे थर, त्यावर काँक्रीट, आणि मग गॅरेज उभं राहायचं.

सुनीतीताई रोज सकाळी मजूर येण्याआधी सहा फुटी सळई घेऊन त्या खड्ड्यात उतरत. दर दोन फुटांवर सळई दाबून बघत. सगळीकडे ती वीतभर जाई आणि अडे. आज पहिल्यांदाच त्या मागच्या टोकाला, कंपाउंडच्या भिंतीलगतच्या कोपऱ्यात पोचल्या होत्या, कारण तिथली माती काल संध्याकाळी निघाली होती. सळई वीतभर गेली, अडली, आणि जोर दिल्यावर काहीतरी कुजकं फुटावं तसा बारीक आवाज होऊन सरळ खाली गेली. मूठ जमिनीला टेकेपर्यंत. त्यांनी सळई ओढून वर काढली. टोकाला माती चिकटलेली नव्हती. त्या चार पावलं मागे सरल्या.

बाई एकसष्ट वर्षांच्या. अंगाने काटकुळ्या, केस आखूड कापलेले, सलवार-कुडत्यावर नवऱ्याचा जुना स्वेटर. माहेर कुडाळचं. तिथे फावडं मारलं की दोन हातांवर जांभा लागतो आणि माणसाला पायाखाली काय आहे याची कधी चिंता करावी लागत नाही. मालवणला डिप्लोमा करून त्या लष्कराच्या बांधकाम खात्यात ज्युनियर इंजिनियर म्हणून लागल्या, नेमणूक झाली ती लखनौ छावणीत. इथे आल्यावर त्यांना पहिला धक्का बसला तो जमिनीचाच. खणत जा, खणत जा, दगड म्हणून लागत नाही. नुसता नद्यांनी आणून टाकलेला गाळ. अशा जमिनीवर काय उभं करायचं ते आधी जमिनीला विचारून घ्यावं लागतं, हे त्या पहिल्या वर्षीच शिकल्या, आणि पुढची एकतीस वर्षं त्यांनी तेच केलं. शेड, टाक्या, रस्ते, जवानांची घरं. जिथे साहेबांना घाई असे तिथे सुनीतीताई हात वर करून म्हणत, "ठहरो." त्यामुळे ठेकेदारांमध्ये त्यांचं नावच पडलं होतं, ठहरो मॅडम. ते त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांना त्याचं वाईट वाटलं नव्हतं.

वाईट वाटायला लागलं ते गेल्या वर्षीपासून.

गेल्या ऑगस्टमध्ये एका सकाळी त्यांचे यजमान विजयराव चहाचा कप उचलता उचलता म्हणाले, "डावा हात जड वाटतोय गं." विजयराव हवाई दलातले, बक्षी का तालाबच्या तळावर विमानांच्या दुरुस्तीत उभं आयुष्य गेलेले. रात्री कुशीवर झोपले असतील, हात अवघडला असेल, असं सुनीतीताईंना वाटलं. तेवढ्यात बंगळुरूहून मुलाचा, अनिकेतचा, नेहमीचा फोन आला. तो म्हणाला, "आई, सीधे हॉस्पिटल ले जाओ." त्या म्हणाल्या, "थांब रे, अर्धा तास बघू." त्या अर्ध्या तासाचे दोन तास झाले. विजयरावांची डावी बाजू गेली आणि वाचाही गेली. बरंचसं समजत होतं, पण शब्द तोंडापर्यंत येऊन विरून जात. त्या दिवसाबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही.

गॅरेज त्यांच्यासाठीच होतं. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला न्यायचं म्हणजे व्हीलचेअर तीन पायऱ्यांवरून उतरवा, फाटकाबाहेर न्या, रस्त्यावरच्या गाडीत चौघांनी उचलून बसवा. पंधरा दिवसांपूर्वी उचलताना एकाचा हात सुटला आणि विजयरावांचा खांदा गाडीच्या दारावर आपटला. ते ओरडले नाहीत. फक्त डोळ्यांतून पाणी आलं. त्याच दिवशी सुनीतीताईंनी कागदावर गॅरेज काढलं. बाजूच्या व्हरांड्याची जाळी कापून तिथे दार करायचं, गॅरेजची जमीन व्हरांड्याच्या पातळीला आणायची, म्हणजे खुर्ची ढकलत थेट गाडीच्या दाराशी. अनिकेत रजा टाकून आला. येताना बाहेर फिरणारी सीट असलेली गाडी ठरवून आला. रजा होळीपर्यंत होती. मजूरही होळीला सीतापूर-हरदोईकडे आपापल्या गावी जाणार होते आणि एकदा गेले की पंधरा-वीस दिवस परत येत नाहीत. म्हणजे त्याआधी खडी पडून, ठोकून व्हायला हवी होती.

आठ वाजता ठेकेदार रामसमुझ आला. पन्नाशीचा, भरदार माणूस, डोक्याला गमछा. सुनीतीताईंनी त्याला कोपरा दाखवला, सळई पुन्हा घालून दाखवली.

"चूहे का बिल होगा, मॅडम," रामसमुझ म्हणाला. "नहीं तो पुराना पेड़ सड़ गया होगा. इधर सब बाग ही था."

"उंदराचं बीळ साडेपाच फूट सरळ खाली जात नाही," त्या म्हणाल्या आणि मग तेच त्याला हिंदीत सांगितलं. "आज गिट्टी नहीं गिरेगी. पहले यह कोना खोलेंगे, देखेंगे क्या है."

रामसमुझने गमछा काढून तोंड पुसलं. "मॅडम, गिट्टी तो निकल चुकी है."

खरंच निघाली होती. दहा मिनिटांत गल्लीच्या तोंडाशी डंपरचा हॉर्न वाजला. खडीने काठोकाठ भरलेला, मागची चाकं दबलेली. तो मागे मागे येत फाटकाशी थांबला आणि अख्खी गल्ली बंद झाली. ड्रायव्हरने खिडकीतून मान काढून विचारलं, कुठे ओतू. रामसमुझने खड्ड्याच्या मागच्या टोकाकडे हात केला. ठरलंच होतं तसं. खड्ड्यात उतरायला मातीचा उतार केलेला होता. डंपरने आत शिरून मागच्या टोकापासून ओतत बाहेर यायचं, म्हणजे मजुरांची ओढाताण वाचते.

सुनीतीताई उताराच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. "अंदर नहीं आएगा."

"मॅडम, गाड़ी खड़ी है, पीछे लाइन लग गई है," रामसमुझ म्हणाला.

लागलीच होती. एक शाळेची व्हॅन, दोन स्कूटर, आणि समोरच्या घरातले गृहस्थ ज्यांना नेमकं आत्ताच बाहेर पडायचं होतं. हॉर्न सुरू झाले. आवाज ऐकून अनिकेत बाहेर आला. त्याने डंपर पाहिला, आईला पाहिलं, आणि त्याच्या कपाळावर आठी चढली.

"काय झालं आई?"

"कोपऱ्यात जमीन पोकळ आहे. एवढं वजन आत घेता येणार नाही."

"पोकळ म्हणजे? कितना?"

"माहीत नाही. तेच बघायचंय."

"मग ये सब खाली होने के बाद देख लेना ना यार. एक कोने के लिए..." तो जवळ आला, आवाज खाली आणला. "आई, सात दिन हैं मेरे पास. परवा बाबांना परत त्या पायऱ्यांवरून न्यायचंय. प्लीज."

"अनिकेत, मी सांगते ते ऐक. थांबव त्याला."

तो शब्द त्यांच्या तोंडून निघाला मात्र, अनिकेतचा चेहरा बदलला. तो मराठीतच बोलला, एरवी तो भांडतानाही हिंदीतच भांडायचा. "तू बाबांच्या वेळीही थांबच म्हणाली होतीस."

हॉर्न वाजत होते. रामसमुझला शब्द कळले नसावेत, पण तो नजर चुकवून दुसरीकडे पाहू लागला. नंतर कुणी विचारलं असतं की त्या वेळी मनात काय आलं, तर सुनीतीताईंना सांगता आलं असतं: हा म्हणतो ते खरं आहे. कदाचित ही सगळी माझी भीतीच असेल. कदाचित आयुष्यभर मी जिला पारख समजत आले ती नुसती भीतीच होती, आणि एकदा जिथे धावायला हवं होतं तिथेही मी तिच्यापायीच बसून राहिले.

पण सळईच्या टोकाला माती चिकटली नव्हती. एवढी एकच गोष्ट त्यांच्यापाशी होती.

"म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "आताही म्हणतेय."

त्या उतारावरून हलल्या नाहीत. अखेर ड्रायव्हरच कंटाळला. त्याने डंपर फाटकाबाहेरच रस्त्याच्या कडेला रिकामा केला. अर्धी गल्ली खडीने भरली. समोरचे गृहस्थ गाडीची काच खाली करून म्हणाले, "भाभीजी, ये ठीक नहीं किया आपने," आणि कसेबसे वाट काढून गेले. अनिकेत फावडं घेऊन रस्त्यावरची खडी कडेला सारायला लागला. एकेक फावडं तो असं आपटत होता की आतपर्यंत आवाज यावा.

मजूर चार होते. तीन पुरुष आणि फूलमती नावाची तिशीची एक बाई, जी डोक्यावरून माती वाहायची आणि कुणाशी फारसं बोलायची नाही. सुनीतीताईंनी चुन्याने कोपऱ्याभोवती एक अर्धगोल काढला आणि सांगितलं की याच्या आत कुणी पाय ठेवायचा नाही. बाहेर उभं राहून फावड्याने माती ओढायची. मग त्यांनी घरातून नायलॉनचे दोन जाड दोर आणले, मजुरांपैकी जे दोघं त्या बाजूला काम करणार होते त्यांच्या कमरेला बांधायला. दुसरी टोकं व्हरांड्याच्या खांबाला.

एक मजूर हसला. "डेढ़ फुट के गड्ढे में रस्सी?"

"बांधो," त्या म्हणाल्या.

पुरुषांपैकी कुणीच बांधून घेईना. रामसमुझनेही नजर फिरवली. एवढ्या माणसांदेखत मॅडमची बाजू घ्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं. फूलमतीने घमेलं खाली ठेवलं आणि दोन्ही हात वर केले. "हमें बांध दो." सुनीतीताईंनी तिच्या कमरेला दोर गुंडाळून गाठ मारली, ओढून बघितली, दोराची ढील कमी करून घेतली.

व्हरांड्यात जाळीच्या आत विजयराव खुर्चीत बसले होते. उजव्या हातात काठी. ते सगळं बघत होते.

माती ओढायला सुरुवात झाली. पहिली पंधरा मिनिटं नुसती पिवळी माती. मग विटांचा चुरा. मग एक काळपट, ओलसर लाकडाचा तुकडा, हातात घेतला की कुसकरणारा. सुनीतीताईंनी तो उचलून बघितला. फळीचा होता. "रुको," त्या म्हणाल्या. "सब पीछे आओ."

पुरुष मागे आले. फूलमतीचं घमेलं मात्र घसरून चुन्याच्या रेषेच्या आत गेलं होतं. ते दोन पावलांवर होतं. सवयीने ती वाकली, एक पाय आत टाकला, आणि हात घमेल्याच्या कडेला लागला तेवढ्यात जमीन खाली गेली.

मोठा आवाज झाला नाही. एखादं पोतं पाण्यात टाकावं तसा धप्प आवाज, मग क्षणभर काही नाही, आणि मग खूप खालून घमेलं आपटल्याचा आवाज. फूलमती जिथे होती तिथे चार फुटांचं काळं तोंड उघडलं होतं. दोर ताणून ताठ झाला होता आणि काठावरच्या मातीत रुतत चालला होता.

अनिकेत फावडं टाकून धावत आला. तो, रामसमुझ आणि एक मजूर, तिघांनी दोर धरला आणि ओढायला लागले. दोर वर आला नाही. काठाची माती मात्र ढासळली, आत फूलमतीच्या डोक्यावर पडली, आणि खालून खोकल्याचा आवाज आला.

"ओढू नका," सुनीतीताई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण तिघेही थांबले. "खींचो मत. सिर्फ पकड़ के रखो. ढीला भी नहीं."

मग त्यांनी पुढच्या पाच मिनिटांत एकही वाक्य दोनदा सांगितलं नाही. रंगाऱ्याची बांबूची शिडी भिंतीला टेकवलेली होती, ती आणायला लावली. शिडी काठावर आडवी टाकायची, एक टोक कंपाउंडच्या भिंतीच्या पायावर, दुसरं खड्ड्यातल्या घट्ट जमिनीवर. शिडीवर दोन फळ्या. म्हणजे वजन काठावर पडणार नाही.

"मी जातो," अनिकेत म्हणाला.

"तू पंच्याऐंशी किलोचा आहेस. दोर धर."

त्या स्वतः फळ्यांवर पालथ्या झाल्या आणि कोपरांवर सरकत पुढे गेल्या. खाली फळी वाकत होती. तोंडाशी पोचल्यावर त्यांनी आत बघितलं. आतून विटांची गोल बांधणी, शेवाळलेली. विहीर. कुणी कधीतरी तिच्यावर फळ्या टाकून माती लोटून दिली होती, आणि माणसं विसरून गेली होती. फूलमती पाच-सहा फुटांवर दोराला लटकत होती. दोर कमरेवरून सरकून फासळ्यांपाशी आवळला होता. तिचे दोन्ही हात दोरावर होते, चेहरा मातीने माखलेला, डोळे उघडे.

"फूलमती."

"हाँ."

"नीचे मत देखना."

"नीचे हवा है, मॅडम," फूलमती म्हणाली. "ठंडी हवा."

सुनीतीताईंनी पुरुषांनी न बांधलेल्या दुसऱ्या दोराचा फास करून खाली सोडला. "एक हाथ छोड़ो. इसमें डालो. बगल के नीचे तक." फूलमतीने हात सोडला नाही. "छोड़ो, मैं देख रही हूँ. एक हाथ." खूप वेळाने, किंवा सुनीतीताईंना तो खूप वाटला, तिने एक हात सोडून फासात घातला. मग डोकं. मग दुसरा हात.

त्याच वेळी व्हरांड्यात काठी वाजली.

जाळीच्या लोखंडी पट्टीवर काठी आपटल्याचा आवाज. एकदा, मग पुन्हा पुन्हा. सुनीतीताईंनी मान वळवली. विजयराव खुर्चीतून पुढे झुकले होते, चेहरा वेडावाकडा झाला होता, आणि काठीने ते जाळी बडवत होते. मग काठी उलटी करून त्यांनी ती जमिनीच्या दिशेने रोखली. सुनीतीताईंनी त्या रोखाने बघितलं. दोर धरून उभ्या असलेल्या अनिकेतच्या टाचेमागून, रामसमुझच्या पायांखालून, जमिनीवर एक बारीक वाकडी रेघ उमटत होती. अर्ध्या मिनिटापूर्वी ती नव्हती.

तिघांनीही एकदम उडी मारली असती तर दोर सुटला असता.

"अनिकेत," त्या म्हणाल्या, "पाय हलवू नकोस. ऐक. तुझ्या मागे जमीन फाटतेय. आधी रामसमुझ. रामसमुझ, दोनों रस्सी खंभे पर एक एक चक्कर लपेटो और खंभे के पीछे जाओ. धीरे. हाँ." मग त्यांनी दोर धरलेल्या मजुराकडे बघितलं, "अब तुम." आणि मग, "आता तू, अनिकेत. दोर हातात ठेवूनच. मागे बघू नकोस, माझ्याकडे बघ."

अनिकेत आईकडे बघत, एकेक पाऊल घासत, खांबामागे गेला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"आता ओढा. हळू. मी म्हणेन तेव्हा थांबा."

दोर फळीच्या कडेवरून घासत वर यायला लागला. वीतभर, थांब. वीतभर, थांब. फूलमतीचे केस वर आले, मग खांदे. सुनीतीताईंनी तिच्या कुडत्याचा गळा एका मुठीत आणि दंड दुसऱ्या मुठीत धरला आणि तिला फळीवर ओढून घेतलं. दोघी तशाच पालथ्या, एकमेकींना धरून, शिडीवरून मागे सरकल्या. त्यांचे पाय घट्ट जमिनीला लागल्यावर पुरती दोन मिनिटंही झाली नसतील, तेवढ्यात तो सगळा कोपरा, शिडी, फळ्या, चुन्याची रेघ, ती वाकडी भेग जिथवर पोचली होती तिथवरची माती, खाली गेला.

रस्त्यावर खडीचा ढीग होता. रामसमुझने त्या ढिगाकडे पाहिलं, मग उताराकडे, मग उघड्या विहिरीकडे, आणि तो गुडघे पोटाशी घेऊन खाली बसला.

फूलमतीच्या दोन फासळ्यांना चिरा गेल्या होत्या. अनिकेत तिला स्वतः गाडीतून दवाखान्यात घेऊन गेला आणि संध्याकाळी तिच्या बहिणीकडे पोचवून आला. आला तेव्हा सुनीतीताई व्हरांड्यात विजयरावांच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांच्या कोपरांची सालं निघाली होती, त्यावर हळद लावलेली. अनिकेत समोरच्या वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसला. चपलेच्या पट्ट्याशी खेळत राहिला.

"आई, सकाळी मी जे बोललो..."

"खरं बोललास तू," त्या म्हणाल्या. "ते आजच्यामुळे पुसलं जात नाही रे. त्या दिवशी मी चुकले. हात जड झाला म्हणजे काय, ते मला कळायला हवं होतं. जमिनीचं मला कळतं, म्हणून सगळ्याचं कळतं असं थोडंच आहे."

विजयराव एकदा मुलाकडे, एकदा बायकोकडे बघत होते. मग त्यांनी उजवा हात उचलला आणि सुनीतीताईंच्या गुडघ्यावर ठेवला. त्यांना काही म्हणायचं होतं. ओठ हलले, "अ... अ..." झालं, आणि ते स्वतःवरच चिडून थांबले. हात मात्र त्यांनी काढला नाही. सुनीतीताई त्या हाताकडे बघत राहिल्या आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा, मुलासमोर, त्यांना रडू आलं.

अनिकेतने रजा वाढवून घेतली. दुसऱ्या दिवशी मायलेकांनी दोरीला दगड बांधून विहिरीची खोली मोजली. सदतीस फूट, तळाला थोडं पाणी. रामसमुझने पलीकडच्या गावातून एका म्हाताऱ्याला आणलं. तो म्हणाला, इथे दसहरी आंब्याची बाग होती, तिच्या पाण्याची ही विहीर. बाग तुटली तेव्हा कुणीतरी झाकली असेल, कुणी ते त्याला ठाऊक नव्हतं.

घाई करायचं आता कुणी नाव काढलं नाही. मजूर होळीला गावी गेले. त्या दिवसांत विजयरावांना पायऱ्यांवरूनच न्यावं लागलं. रामसमुझ आपल्या दोन भाच्यांना घेऊन आठवड्यातून तीनदा येई आणि खुर्ची उचलायला स्वतः पुढे होई. मजूर परतल्यावर विहीर भरायला घेतली. तळाला मोठे दगड, मग विटांचे तुकडे आणि वाळू, प्रत्येक थरावर पाणी सोडून, बसू देऊन, मग पुढचा थर. दहा दिवस गेले. वर सळयांची जाळी घालून काँक्रीटचं झाकण ओतलं. गॅरेजची आखणी सुनीतीताईंनी सहा फूट पुढे सरकवली, म्हणजे गाडीचं कुठलंही चाक त्या जागेवर येणार नाही.

मग खडी. पहिला थर जाड खडीचा, सहा इंच, पाणी मारून यंत्राने ठोकलेला. दुसरा त्याहून बारीक. तिसरा दगडाच्या भुकटीसकट, जी फटींत बसून सगळं एकजीव करते. दर थराला सुनीतीताई टाचा आपटत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत. रामसमुझ त्यांच्या मागून चाले आणि त्यांनी विचारायच्या आत म्हणे, "मॅडम, यहाँ एक बार और चला दें?"

फूलमती चैत्र निम्मा संपल्यावर आली. काम मागायला नव्हे, बघायला. ती फाटकाशी उभी राहिली. सुनीतीताईंनी तिला आत बोलावलं. ती खडीवरून चालत निम्म्यापर्यंत आली, पुढे आली नाही.

"भर दिया?" तिने तिथूनच विचारलं.

"नीचे तक. तुम चाहो तो मत आओ उधर."

"नहीं आएंगे," फूलमती म्हणाली. मग थोडा विचार करून, "एक बात पूछें? आपको पता था?"

"नहीं," सुनीतीताई म्हणाल्या. "शक था."

फूलमतीने मान हलवली, जणू एवढंच तिला हवं होतं. तिने चहा घेतला, विजयरावांना नमस्ते केलं, आणि गेली. पुढे ती बांधकामाचं ओझं वाहायला परत गेली नाही. सुनीतीताईंच्या ओळखीने छावणीजवळच्या एका रोपवाटिकेत लागली. ऑक्टोबरात तिने शेवंतीची दोन रोपं पाठवली.

काँक्रीट एप्रिलच्या अखेरीस झालं, पत्रे मे महिन्यात चढले. ज्या दिवशी पहिल्यांदा गाडी आत आली, त्या दिवशी बाहेर लूचे गरम वारे सुटले होते आणि अनिकेत बंगळुरूला परतला होता. तो फोनवरून बघत होता. व्हरांड्याच्या नव्या दारातून सुनीतीताईंनी खुर्ची ढकलली. एकही पायरी नव्हती. गाडीची सीट बाहेर वळली, ड्रायव्हरने एका बाजूने आणि त्यांनी दुसऱ्या बाजूने आधार दिला, आणि विजयराव बसले. कुणाला काही लागलं नाही. आत वळताना त्यांनी उजव्या हाताने दाराची कड धरून ठेवली आणि आपल्या आपण पाय आत घेतला, उजवा, आणि मग उजव्या हाताने उचलून डावा.

"झालं?" फोनमधून अनिकेतने विचारलं.

"झालं," सुनीतीताई म्हणाल्या. "उशीर होतोय, आता निघू दे आम्हाला."